चतुःसीमेतली कांस आणि पडद्यावरचा प्लॉट

तळ्याकाठची | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, हे जरा लांबणार आहे. वर्षभर मनात घोळतंय, ते एकदा लिहून काढते.

दिवाळीच्या आवराआवरीत सासऱ्यांच्या ट्रंकेत आमच्या जागेचं जुनं खरेदीखत सापडलं. आम्ही बडोद्याच्या उत्तरेला राहतो, त्या काळी तिथे शेती होती. दस्त गुजरातीत आहे, पण वळण आपल्याच खतांचं. चतुःसीमा दिली आहे: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस कांस, उत्तरेस विहीर व दोन आंबे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. कांस म्हणजे पावसाचं पाणी शेतांतून, वस्त्यांतून गोळा करून विश्वामित्री नदीत नेणारा ओघळ. भुखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावं इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. त्यांना येऊन मिळणाऱ्या बारक्या कांसा मात्र बिननावाच्याच.

आता आमच्याच जागेचे आजचे कागद बघा. टी. पी. स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा क्रमांक, फायनल प्लॉटचा क्रमांक, चौरस मीटर, कोपऱ्यांचे आकडे. पश्चिमेला दुसरा एक प्लॉट क्रमांक आहे. कांस नाही.

२०२४च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा नदीची धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही सगळे गच्चीवरून पूर्वेकडे बघत बसलो होतो, कारण नदी तिकडे. पाणी आलं पश्चिमेकडून. आधी न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे आले, मग करड्या पाण्याची एक चकती फरशीवर पसरली, आणि तासाभरात गॅसची शेगडी पाण्यात. मागच्या अंगणाच्या भिंतीखालून पाणी अगदी सरळ रेघेत आत येत होतं. जणू त्याला वाट पाठ होती.

खत हातात आलं तेव्हा कळलं की वाट त्याचीच होती.

आता यात माझा भाग. मी बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. सुरुवातीला ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, चूक झाली की ब्लेडने खरवडायचं. मग ऑटोकॅड आलं. जुने गावनकाशे मोठ्या टेबलावर चिकटवून एकेक बिंदू संगणकात भरायचे. काम प्लॉट पाडायचं, म्हणजे क्षेत्रफळ महत्त्वाचं, आणि क्षेत्रफळ काढायला आकृती बंद असावी लागते. शेताची हद्द बंद असते. कांस, पायवाट, ओघळ या नकाशावर तुटक रेघा असायच्या, एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने जाणाऱ्या. त्या आम्ही वेगळ्या लेअरवर, म्हणजे त्याच फाइलमधल्या वेगळ्या थरावर टाकायचो. त्या लेअरला मीच नाव दिलं होतं, ‘इतर’. फाइल जड व्हायची म्हणून तो लेअर बंद ठेवायचा, आणि फाइल पुढच्या ऑफिसला देताना बंद लेअर पुसून द्यायची.

मी स्वतः पुसले आहेत. कुणी लबाडीने सांगितलं नव्हतं, कामाची पद्धतच ती होती. पण पडद्यावर जे नाही ते पुढे माती टाकणाऱ्याला दिसत नाही, कर्ज देणाऱ्या बँकेला दिसत नाही, घर घेणाऱ्याला तर नाहीच नाही. दहा-पंधरा वर्षांत जमीन त्या फाइलीसारखी होऊन जाते.

तुमच्या भागात असं काय काय आधी पडद्यावरून आणि मग जमिनीवरून गेलं? आणि उलटही सांगा, संगणकामुळे एखादी हरवलेली जागा परत मिळाली का?

रावपुराकर | रविवार, रात्री ११:२५

ताई, मोरीतल्या बुडबुड्यांचं अगदी खरं. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा आमच्याकडेही पाणी दारातून येण्याआधी मोरीतूनच आलं होतं.

पण मुद्द्याशी मी सहमत नाही. १९२७च्या जुलैमध्ये गुजरातेत महापूर आला, त्यात बडोदंही सापडलं. तेव्हा कुठला कॉम्प्युटर होता? आणि माणसाने जमिनीचा आकार बदलणं काही नवीन नाही. सयाजीरावांनी आजव्याला मातीचा बांध घालून अख्खं सरोवर उभं केलं, तेही भूगोल बदलणंच की. लोभ माणसाचा असतो, संगणक नुसती पाटी-पेन्सिल. पाटीला कशाला दोष द्यायचा?

पावागढउतार | सोमवार, सकाळी ७:५०

रावपुराकर काका, पाटी-पेन्सिल वापरणाऱ्याला निदान माहीत असतं की त्याने काय लिहिलं नाही. इथे ते कळत नाही, म्हणून ताईंचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मी याच विषयात काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

पाणी कुठे भरेल, भिंत कुठे घालायची, रस्ता किती उंच करायचा हे आता संगणकावरच्या पुराच्या प्रतिकृतीवरून ठरतं. त्या प्रतिकृतीला लागते जमिनीची उंची. जगभर वर्षानुवर्षं सर्वांत जास्त वापरली गेलेली उंची फेब्रुवारी २०००मधली आहे. एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडार फिरवून पृथ्वीच्या बहुतेक सगळ्या वस्तीच्या भूभागाची उंची मोजली. फार मोठं काम, आणि फुकट उपलब्ध. पण ते रडार जमिनीवर पोचतंच असं नाही. शहरात ते छपरांवरून परत फिरतं, झाडी असेल तर शेंड्यांजवळून.

आता आपल्या कांसा आणि कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, डोळ्यांसमोर आणा. दोन्ही काठांना गांडा बावळाची, म्हणजे वेड्या बाभळीची दाटी. म्हणजे प्रत्यक्षात जिथे खड्डा आहे, तिथे संगणकाला उंचवटा दिसतो! शिवाय त्या मोजणीचा एक चौकोन ३० मीटरचा, आणि आपली कांस सहा-सात मीटर रुंद. तिला चौकोनच मिळत नाही.

आपलं शहर किती सपाट आहे तेही बघा. आजवा भरलं की पातळी २१४ फूट, म्हणजे ६५ मीटर. शहर समुद्रसपाटीपासून पस्तीस-चाळीस मीटरवर. मधे जवळजवळ वीस किलोमीटर. इथे एका मीटरने मोहल्ला बुडतो की वाचतो ते ठरतं. आणि त्या रडार-मोजणीची मुळातली हमी होती १६ मीटरच्या आत चूक. प्रत्यक्षात चूक त्याहून खूपच कमी येते, पण एका मीटरचा निवाडा करण्याइतकी कमी कधीच नाही.

ही गोष्ट फक्त आपली नाही. २०१९मध्ये समुद्रकिनाऱ्यांसाठी झाडं-छपरांची उंची वजा करून नव्याने हिशेब केला, तर वाढत्या समुद्राच्या तडाख्यात येणाऱ्या लोकांचा जागतिक आकडा आधीच्या जवळजवळ तिप्पट निघाला. समुद्र तोच होता, जमीन आधी उंच मोजली गेली होती.

आणखी एक. २०२४च्या पुरानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की उपग्रहाच्या चित्रात आमची गल्ली कोरडी का दिसते. ढगांतून बघायला रडारचा उपग्रह लागतो. सपाट पाण्यावर रडारची लहर आरशासारखी पलीकडे निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. शेतात हे झकास चालतं. पण गल्लीत ती लहर पाण्यावरून उडून घराच्या भिंतीवर आपटते आणि सरळ उपग्रहाकडे परत येते. चित्रात तिथे काळं नाही, उलट लख्ख दिसतं. बुडालेली शेतं दिसली, बुडालेली घरं नाही. त्यात त्या वर्षी सेंटिनेल मालिकेतला रडारचा एकच उपग्रह चालू होता, तो एका जागेवरून १२ दिवसांनी परत यायचा. आपलं पाणी तेवढं थांबणार थोडंच?

उपाय आहे, त्याला लायडार म्हणतात. विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरचे लाखो ठिपके टाकायचे. त्यातले काही पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचतात, मग झाडं वजा करता येतात. कंबोडियात अंगकोरभोवतीच्या जंगलाखालचे रस्ते आणि कालवे २०१२मध्ये असेच दिसले. नेदरलँड्सने अख्खा देश असा मोजून ती माहिती सगळ्यांना खुली केली. आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गाची मोजणी हवाई लायडारनेच झाली, वर्षभराचं काम १२ आठवड्यांत. तो मार्ग बडोद्यातूनच जातो. म्हणजे तंत्र दारात येऊन गेलंय. कांसांसाठी ते कुणी मागितलं नाही, एवढंच.

दगडमाती | सोमवार, दुपारी २:१५

मी मातीकामाचा ठेकेदार. एरवी नुसता वाचतो, आज लिहितोच.

माझ्या वडिलांच्या वेळी डंपी लेव्हल आणि पट्टी. एक जण दुर्बिणीशी, एक जण पट्टी धरून चिखलात उभा. पट्टी धरणाऱ्याला पायाखाली काय आहे ते कळायचंच, कारण तो त्यात घोट्यापर्यंत उभा असायचा. आता मोठ्या कामांवर मशीनलाच जीपीएस लावलेला असतो. डिझाइनची फाइल थेट मशीनमध्ये. बकेटची धार कुठल्या पातळीवर आहे ते कॅबिनमधल्या पडद्यावर दिसतं, रंग बदलला की थांबायचं. काम सुंदर होतं, डिझेल वाचतं, पोरं दमत नाहीत. मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण एक प्रसंग सांगतो. शहराबाहेरच्या एका स्कीमवर भरावाचं काम होतं. ऑपरेटर दाहोदकडचा, वयस्क. त्याने मधेच मशीन बंद केलं आणि खाली उतरला. मला बोलावून माती दाखवली. वरची सगळी पिवळसर, भुसभुशीत. तिथे मात्र काळी, चिकट, आणि आत पाणकणसाची पांढरी मुळं. वैशाख होता, तरी मूठ दाबली की बोटांतून पाणी आलं. म्हणाला, “साहेब, इथे पाणी चालतं.” मी टॅबलेट उघडून बघितलं. फाइलमध्ये त्या जागी लिहिलं होतं, भराव सव्वा मीटर.

मी भराव टाकला. बिल निघालं. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या स्कीमच्या पलीकडची जुनी सोसायटी कमरेएवढ्या पाण्यात होती. ताई, तुमचा ‘इतर’ लेअर वाचला आणि पहिल्यांदा कळलं की ती रेघ माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच गेली होती. पण ती मुळं मी हातात धरली होती.

बोरू_आणि_टाक | सोमवार, संध्याकाळी ६:०५

मी हौसेने मोडी वाचतो. गायकवाडी अमलातले जमिनीचे कागद थोडेफार डोळ्यांखालून गेले आहेत. त्यांत जमीन कधीच एकटी नसते. अमुक वडापासून, तमुक नाल्याच्या उगवतीस, डोंगरी वाटेपर्यंत, असं शेजारपाजार धरून तिचं वर्णन. हे काटेकोर नव्हतं, वड पडला की भांडणं व्हायची, तेही कागदात सापडतं. म्हणूनच आकडे आले आणि ते यायलाच हवे होते. चूक इतकीच की आकडे आल्यावर शेजाराचा रकाना काढून टाकला. दोन्ही ठेवता आले असते.

शेढ्यावरून | सोमवार, रात्री ९:३०

बडोद्याजवळ पादऱ्याकडे आमची थोडी शेती आहे. पणजोबा गायकवाडांच्या पलटणीत होते, तेव्हाची जमीन. दोन गोष्टी लिहितो.

एक, लेझर लेव्हलर. शेताच्या मधोमध तिवईवर लेझर फिरतं, ट्रॅक्टरमागच्या फाळक्यावर त्याचा डोळा बसवलेला, फाळकं आपोआप वरखाली होतं. सगळं शेत टेबलासारखं. पाणी सारखं पसरतं, निम्म्या वेळात भिजवण होते. मी करून घेतलं आणि परत करीन. पण आमच्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एक खोलगट होती. आजोबा तिथे काही पेरत नसत. पावसाचं पाणी तिथे साचून मुरायचं, बगळे उतरायचे, बांधावर शिंदीची चार झाडं होती. लेझरला ती खोलगट म्हणजे चूकच, त्याने दोन तासांत भरून दिली. आता जोराचा पाऊस झाला की आमचं पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत जातं. दोन पिढ्यांत कधी भांडलो नव्हतो.

दुसरं, नवी मोजणी. जीपीएसने मोजून नवे नकाशे आले तेव्हा आमच्या बांधाचा एक तुकडा शेजाऱ्याच्या नंबरात गेला आणि त्याची विहीर आमच्यात. दोघांनी मिळून अर्ज केला की बाबांनो, जमिनीवर काहीच हललं नाही. उत्तर आलं, नकाशाप्रमाणे करा. हेलपाटे चालू आहेत.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे १:१०

नदीकाठच्या जनावरांसाठी फोन आला की धावणाऱ्यांतला मी एक. पावसाळ्यात झोप नसते.

आपल्या नदीत शहराच्या मधून मगरी राहतात, चारशेच्या वर. हे जगात फार कमी शहरांत असेल. त्या का टिकल्या? काठामुळे. विश्वामित्रीचा काठ कधीच सरळ नव्हता. कुठे कडा, कुठे उतरती माती, कुठे कोतर आत घुसलेलं. मगर काठात बीळ करते, उतरत्या मऊ मातीत खड्डा खणून अंडी घालते. फेब्रुवारी ते एप्रिल हा घालण्याचा काळ, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर.

आता काठ कसा तयार होतो? कुठल्याही नदीकामाच्या ड्रॉइंगमध्ये आडवा छेद असतो. तळ सपाट, दोन्ही बाजूंना एकसारखा उतार. लांबच लांब परात म्हणा. संगणकात एक छेद काढला की तोच पुढे किलोमीटरभर ओढता येतो. मशीन तसंच्या तसं कापतं. पाणी वाहून न्यायचा हिशेब त्यात नीट बसतो, हे मला मान्य आहे, पूर मीही खांद्यापर्यंत पाण्यात उभं राहून बघितलाय. पण त्या उतारावर बीळ कुठे करायचं? एका ठिकाणी मी बघितलं, मादी नव्या कापलेल्या काठावर वर यायची, थांबायची, परत पाण्यात. सलग तीन रात्री, त्याच जागी. बॅटरी टाकली की तिचे डोळे लाल चमकायचे, तेवढ्यावरून मी तिला ओळखत होतो. चौथ्या रात्री नाही आली.

छेद प्रत्येक पन्नास मीटरला वेगळा काढायला संगणकाला कितीसा वेळ लागतो? इथे कुणी जाणकार असेल तर सांगा, मी खरंच विचारतोय.

पावागढउतार | मंगळवार, सकाळी ८:२०

@रात्रपाळी, दादा, वेळ जवळपास काहीच लागत नाही. प्रतिकृतीत प्रत्येक छेद वेगळा देता येतोच, ते सॉफ्टवेअर त्यासाठीच बनवलेलं आहे. वेळ लागतो तो प्रत्यक्ष काठावर जाऊन प्रत्येक छेद मोजायला. तिथे कुठलं झाड, कुठलं बीळ, हे टिपायला. तो खर्च वाचवतात आणि मग एकच छेद पुढे ओढतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१मध्ये याच नदीबद्दल कोतरं, तळी आणि पूरमैदान यांसकट संरक्षण करायला सांगितलं होतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत तरी नदी ही परात नाही.

सराफ्याजवळचा | मंगळवार, सकाळी ११:४५

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांना लोक नालाच म्हणू लागले होते, त्यावरून ओळखा. १९१८ साली होळकर दरबारने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराकडून इंदूरचा आराखडा करून घेतला होता. हा माणूस गल्ल्यांतून पायी हिंडायचा आणि मग रेघ काढायचा. शंभर वर्षांनंतर आमच्या तरुण इंजिनियर मंडळींना मी हेच सांगतो, ड्रोन उडवा, पण आधी गल्लीतून एकदा चालत जा. धागा सुंदर चाललाय, वाचतोय.

कमाटीबागेतली | मंगळवार, दुपारी ४:००

तळ्यांचंही लिहा कुणीतरी. हल्ली तळं ‘सुंदर’ करतात म्हणजे ते ड्रोनमधून सुंदर दिसेल असं करतात. गोल काठ, फरसबंदी, दिव्यांची माळ. वरून काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरतो. आमच्या घराजवळच्या तळ्याला पाणी येण्याच्या तीन वाटा होत्या, फरसबंदीत तिन्ही बंद झाल्या. आता उन्हाळ्यात बोअरचं पाणी सोडून ते भरतात. आईला तिथे नेलं तर तिने पायऱ्या शोधल्या. कपडे धुवायला, गणपती विसर्जनाला लोक ज्या पायऱ्या उतरायचे, त्या. पाण्याला हात लावायला जागाच उरली नाही.

तळ्याकाठची | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचलं. काहींचं दोनदा.

रावपुराकर, तुमचं म्हणणं मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरले. लोभ होता, आहे. १९२७चा पूरही खरा. पण आजव्याचं उदाहरण मला उलट बाजूने पटतं. तिथून शहरात पाणी पंपाशिवाय, उताराने आलं. त्यासाठी कुणीतरी तो उतार वावन्-वाव चालून मोजला असणार. जमीन बदलली, पण आधी तिला पुरतं ओळखून घेतलं. माझ्या ऑफिसात आम्ही जागा न बघताच तिचे प्लॉट पाडायचो. बावीस वर्षांत किती साइट मी प्रत्यक्ष पाहिल्या ते आठवून बघितलं. नऊ.

दगडमाती भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. तुमच्याशी बोलायला आवडेल.

@पावागढउतार, बाळा, माझ्या खतातली कांस आता कशी शोधायची? वर दोन सोसायट्या आणि एक मोठा रस्ता आहे.

पावागढउतार | बुधवार, रात्री ११:५५

ताई, सापडली. बहुतेक.

साठच्या दशकात अमेरिकेचे कोरोना नावाचे हेर-उपग्रह फिल्मवर फोटो काढत होते. फिल्मचा डबा पॅराशूटने खाली सोडायचा आणि विमानाने हवेतच तो पकडायचा, अशी तऱ्हा. १९९५मध्ये ते फोटो खुले केले, आणि जे स्कॅन झालेत ते फुकट मिळतात. हेरगिरीसाठी काढलेले म्हणून बारकावा चांगला. आपल्या भागाची एक पट्टी मिळाली, ती आजच्या नकाशावर बसवली. रेल्वे रूळ, नदीचं वळण आणि एक जुनी विहीर धरून जुळवावं लागलं.

तुम्ही सांगितलेल्या जागेच्या पश्चिमेला एक गडद रेघ आहे. उन्हाळ्यातला फोटो असावा, शेतं सगळी फिकी आहेत. त्यामधून काळसर बारीक रेघ, दोन्ही बाजूंनी ठिपके, म्हणजे झाडं. खाली जाऊन ती मोठ्या कांसेला मिळते. आजच्या चित्रात ती रेघ कुठेच नाही. पण सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला एका ठिकाणी वाकडं वळण आहे, कारण नसताना. ते वळण बरोबर त्या रेघेवर येतं.

रविवारी चालून बघू या का?

दगडमाती | गुरुवार, सकाळी ६:४०

मी येतो. डंपी लेव्हल आणतो, वडिलांची आहे.

तळ्याकाठची | पुढचा रविवार, दुपारी १:३०

आत्ताच घरी आले, पायांवरचा चिखल तसाच आहे.

सहा जण होतो. रात्रपाळी जागरण करून आले होते, रावपुराकरही आले, आणि न बोलता पट्टी त्यांनीच धरली. फोनवर जुना फोटो उघडून त्या रेघेवरून चालत गेलो. पहिल्या सोसायटीत काहीच नाही, पार्किंग. दुसऱ्या सोसायटीच्या भिंतीचं वळण बघितलं. तिथे भिंतीच्या पायाशी ओल, शेवाळ, आणि एकाच जागी पिंपळाची रोपं फुटलेली.

मग मोठा रस्ता. तिथे फुटपाथवर चहाची टपरी आहे. टपरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “इथे खाली गरनाळं आहे, दिसत नाही तुम्हाला?” गरनाळं म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची मोरी. त्याने मागचं पत्र्याचं फळकूट बाजूला केलं. विटांची कमान. अर्धी मातीत गेलेली, वरच्या दोन-तीन थरांचा चुना अजून पांढरा. रस्त्याच्या या बाजूला मोरीचं तोंड, त्या बाजूलाही. दोन्हीकडे तिला येऊन मिळणारं काहीच नाही. पुलाखालून जायला पाणीच ठेवलं नाही, पूल मात्र राहिला.

दगडमाती भाऊंनी पातळी घेतली. आमच्या अंगणापेक्षा त्या मोरीचा माथा सव्वादोन फूट खाली. म्हणजे ती मोकळी असती तर पाणी आधी तिथून गेलं असतं. ते दोन वेळा मोजून, वहीत लिहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरोबर आहे.”

पावागढउतारने तिथेच बसून खुल्या नकाशावर, जिथे कुणालाही भर घालता येते त्या ओपनस्ट्रीटमॅपवर, मोरीची जागा नोंदवली. पुरलेला ओघळ अशी खूण करून रेघही काढली. सोबत पातळीचे आकडे, कमानीचे फोटो आणि खरेदीखताच्या त्या ओळीचा फोटो असा अर्ज तयार केलाय. उद्या वॉर्ड ऑफिसात देणार. मोरीचं तोंड मोकळं करा आणि रस्त्याकडेचं पावसाळी गटार तिला जोडा, एवढंच मागितलंय. दोन सोसायट्या पाडा असं कुणी म्हणत नाही.

शेढ्यावरून | रविवार, दुपारी २:१०

अर्जावर माझीही सही घ्या. पादऱ्याचा असलो तरी. आणि त्या डंपी लेव्हलसकट एकदा आमच्याकडे या, बांधाचं मोजायचंय. शेजारीही हो म्हणालाय.

पावागढउतार | रविवार, दुपारी २:३०

नक्की येतो. ताई, एक राहिलं. नकाशावर त्या रेघेला नावाचा रकाना आहे. काय भरू? आजूबाजूला कुणाला जुनं नाव माहीत आहे का?

तळ्याकाठची | रविवार, संध्याकाळी ७:२०

सासूबाईंना विचारलं. त्या ब्याण्णवच्या आहेत, लग्न होऊन आल्या तेव्हा तिथूनच घागर भरायच्या. म्हणाल्या, नाव कसलं, “कांसेवर जाऊन येते” एवढंच सांगून निघायचो.

‘कांस’ लिही.